पावसाच्या पाण्याचा चहा

कझाकस्तानातल्या सेमेईच्या दवाखान्यात पोटावर हात ठेवून रांगेत बसलेल्या गरोदर झानारच्या कानावर मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं पडलं.

"आमची विहीर खारट, कुल्याश. चहाला पावसाचंच पाणी धरायचो. माळावर चाचणीचा अणुबॉम्ब फुटला त्या दिवशीही धरलं."

"अगं बाई! ढग तांबडा दिसला नाही?"

"दिसला की. त्या आगीत हवासुद्धा जळते आणि आम्ल होऊन पावसात उतरते, हे आत्ता कळतंय. तेव्हा चहात दूध फाटलं, तर सासू म्हणाली, तुझ्या हातालाच गुण नाही!"

"मग ओतून दिलास?"

"कसा देणार? घरात तेवढंच दूध. लाजेनं सगळा मीच प्यायले. सातवा महिना होता."

"आणि बाळ?"

"हा काय, चाकांच्या खुर्चीत. येत्या ऑक्टोबरात पन्नासावं लागेल. अजून चहा मीच चमच्यानं पाजते."