रज्जाक सरांची अट

सन्माननीय अध्यक्ष काकासाहेब, व्यासपीठावरील पाहुणे, उत्सवमूर्ती रज्जाक सर, माझे सहकारी शिक्षक, माताभगिनी आणि विद्यार्थी मित्रहो,

मी शाळेत मराठी शिकवतो, सर इंग्रजी शिकवत. काल ते सेवानिवृत्त झाले आणि आज भिंगारला बहिणीकडे निघालेत. सामान भरून टेम्पो बाहेर उभा आहे. काकासाहेबांनी शाळेमागची खोली देऊ केली, आम्ही सगळ्यांनी राहा म्हणून गळ घातली. सरांची अट एकच. "मराठीपेक्षा इंग्रजी सोपी, असं या मराठीच्या गुरुजींनी भर सभेत म्हणावं. लगेच सामान उतरवतो." आता सांगा मंडळी, ही काय अट झाली?

चहाच्या सुट्टीत आम्ही कायम यावरच भांडलो. मी म्हणायचो, मराठी कशी, बोलावी तशी लिहावी! सर म्हणायचे, "असं? मग चार माणसांचा च आणि जनावरांच्या चाऱ्याचा च एकच कसा लिहिता? आणि तुमच्या त्या वेलांट्या! पहिली का दुसरी, यातच पोरं म्हातारी व्हायची." उर्दू दोघींपेक्षा अवघड, हे मात्र ते स्वतःच कबूल करत.

एकदा आम्ही हट्टाने वर्ग बदलले. हसताय, म्हणजे आठवतंय तुम्हाला. मी इंग्रजीला मराठीची शिस्त लावली. लिहिलंय ते प्रत्येक अक्षर उच्चारायचं, कुणाला सूट नाही! नेमके त्याच दिवशी तपासणीचे साहेब आले. त्यांनी चाकूचं इंग्रजी विचारलं, आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "क्निफे!" साहेब माझ्याकडे बघतच राहिले. तेवढ्यात शेजारच्या वर्गातून रज्जाक सर धावत आले. "साहेब, जुन्या काळी इंग्रज लोक तो क उच्चारायचेच. आमचे गुरुजी मुळापासून शिकवतात." साहेबांनी चक्क चांगला शेरा दिला हो!

असा माणूस जाऊ द्यायचा? सर, तुम्ही गेलात तर मी भांडू कुणाशी? खरंच सांगतो, मला करमणार नाही.

दारातून आमचा टेम्पोवाला पुंजाराम ओरडतोय, "गुर्जी, आटपा की, लई उशीर व्हतोय!" थांब रे बाबा, जीभ रेटत नाहीये.

बरं, म्हणतो. इंग्रजी... मराठीपेक्षा... सोपी आहे. झालं समाधान?

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. आणि आत्ताचं ते वाक्य धडधडीत खोटं होतं, त्याबद्दलही माफी असावी. सर, बसा, बसा खाली! काय भांडायचं ते उद्या चहाच्या वेळी. पुंजाराम, आधी सरांची वळकटी उतरव.