सेलामाविटची पाळी

बॉस्टनच्या आमच्या बिझनेस स्कूलमध्ये निम्मे मार्क वर्गात बोलण्याचे असतात, त्यामुळे एक अडखळला की ऐंशी हात वर जातात. आज कॉफीच्या रांगेत माझ्यापुढे ब्रिजेट होती, आणि इथिओपियाची सेलामाविट, जी बोलताना अडखळते.

“आज बोलता आलं नाही तर कोर्स सोडणार होतीस ना गं?” ब्रिजेटने तिला विचारलं.

“हो. पण सरांनी काल विचारलं, अडकलीस तर दुसऱ्याला विचारू की थांबू? म्हटलं, थांबा.”

“थांबले खरे! एका शब्दावर केवढा वेळ!”

“सर थांबणारच गं. पण एकाचाही हात वर नाही? तो लागोसचा बँकवाला तर झोपेतही हात वर करतो!”

“माझ्याच शेजारी होता. एक हात मांडीखाली दाबून बसला होता.”

“आणि तू?”

“मी दोन्ही.”