मालकाच्या मापाची टोपी

नाही, पण उदबत्तीसुद्धा लावायची नाही म्हणजे काय? ‘वर धूर ओळखणारं यंत्र आहे काका, पाणी सुटेल.’ अहो, उद्घाटन आहे ना? उदबत्ती नको, नारळ फोडायला नको कारण फरशी पांढरी आहे... मग आम्ही तिथं ताट घेऊन उभं तरी कशाला राहायचं?

थांबा, नीट सांगते. एरवी मला चार माणसांत बोलता येत नाही, म्हणून सुरू झाले की असं मधूनच सुरू होतं.

आम्ही सांगलीचे, बंद पडलेल्या सूतगिरणीच्या मागच्या वसाहतीतले. गिरणीच्या फाटकाशेजारी माझ्या वडिलांचा, आबांचा, भजी-वड्याचा गाडा. पाळी सुटली की आबांना घाम पुसायला वेळ नसायचा म्हणे. मग गिरणी बंद पडली, पुराचं पाणी येऊन गेलं, निम्मी घरं कुलपं लावून गेली, आणि आबा रोज तेल तापवून उभेच! कुणासाठी? तर म्हणायचे, ‘सवय हाय गं हाताला.’

आणि एक दिवस बोर्ड लागला. गिरणीच्या जुन्या कँटीनच्या जागी पिझ्झाचं दुकान! साधंसुधं नाही, ते प्रत्येक शहरात एकसारखंच असतं ना, एकसारखे दिवे, एकसारख्या खुर्च्या, तसलं. तुम्हाला सांगते, वसाहतीत दिवाळी झाली. रस्त्यावर दिवे आले. ज्या खड्ड्याची खूण सांगून आम्ही पाहुण्यांना घरचा पत्ता द्यायचो, तो खड्डा बुजला! आणि सगळ्यात जास्त आनंद कुणाला? आबांनाच. ‘मानसं येतील गं इकडं. पिझ्झा खाऊन कुणाचं प्वाट भरतंय? येतील भजी खायाला.’

मग मोजपट्टी घेऊन एकजण आला. ‘आमची दर्शनी बाजू मोकळी लागेल. आठ दिवसांत गाडा हलवा.’ आईचं तोंड उतरलं. आबा तिला म्हणाले, ‘माया, ह्यो चाकरीचा मानूस. ह्याला काय इचारायचं? मालकाशी बोलू. मालकबी मानूसच असंल की.’

हो, पण मालक कोण?

आबा मूळचे वडूजकडचे. तिकडं कुणी नवीन काही सुरू केलं की शेजारी आहेर घेऊन जातात. नारळ, टॉवेल, टोपी. आहेराची टोपी डोक्यावर ठेवून घेतली की तो माणूस तुमचा पाहुणा झाला, आणि पाहुणा काय तुम्हाला दारातून उठवतो? हा आबांचा कायदा! आता आहेराच्या टोप्या तुम्हाला माहीत आहेत... ह्या लग्नातून त्या लग्नात फिरतात, कुणाच्याच डोक्यावर बसत नाहीत. आबा म्हणाले, तसली नको, चांगली पाहिजे. दुकानदारानं विचारलं, ‘माप?’ मालकाचं डोकं केवढं, कुणी पाहिलंय? मग आबा म्हणाले, ‘एवढी दुकानं सांभाळतंय म्हंजी मोठंच असंल. मोठ्यातली मोठी द्या.’

उद्घाटनाला आम्ही तिघं रांगेत. फुग्यांची कमान, कान फुटतील अशी गाणी, आणि आबा लग्नातला सदरा घालून, ताटावर रुमाल झाकून. गल्ल्यावरच्या मुलीला विचारलं, ‘मालक कोण?’ ती म्हणाली, ‘ऑर्डर त्या खिडकीत.’ पिझ्झाचा गोल पोशाख घालून एकजण नाचत होता, त्याला विचारलं. आतून आवाज आला, ‘मला काय म्हाईत मामा? मी तासगावचा, रोजावर नाचतोय!’ शेवटी मॅनेजर आला. नाव दिग्विजय, छातीवरच लिहिलेलं, पंचविशीतला, घामानं डबडबलेला.

‘काका, मालक असा कुणी नसतो. कंपनी आहे.’

‘मग कंपनीचा मालक कोण?’

‘शेअर घेतलेले लोक. हजारो आहेत.’

‘मग आज आलं असंल की त्यातलं एखादं!’

मॅनेजर हसला असता तर बरं झालं असतं. हसला नाही. आबांनी टोपी उचलली, ‘मग तुमीच घ्या साहेब, तुमी आमचं मालक,’ आणि हात तसेच वर राहिले, कारण त्याच्या डोक्यावर आधीच टोपी होती. कंपनीची, लाल. ‘ड्यूटीवर काढता येत नाही काका. आणि भेट घेतली तर माझी नोकरी जाईल.’

आबा माझ्याकडं वळले. ‘संयोगिता, तू सांग की गं साहेबास्नी. तू शिकल्याली.’ अहो, मी रात्रभर पाठ केलं होतं! गाडा किती वर्षांचा, घर कशावर चालतं, सगळं. मागची रांग बघत होती. तोंडातून काय निघालं सांगू? ‘सर... टॉवेल तरी घ्या.’

बस. एवढंच.

मॅनेजरनं खालच्या आवाजात सांगितलं, ‘फोनवर फॉर्म भरा, तो वरपर्यंत जातो.’ घरी येऊन भरला. चव कशी होती? स्वच्छता कशी होती? आता आम्ही खाल्लं कुठं होतं? आणि गाड्याबद्दल एकही प्रश्न नाही! शेवटी ‘आणखी काही’ अशी चौकट होती, तिच्यात मी सगळं लिहिलं, तिथं बोलता न आलेलं एकूण एक. दुकानाला पाचपैकी किती तारे, तेही विचारलं होतं. आबा वरून बघत होते. ‘तारं पाचच दे. आधी चांगलं म्हनावं मानसानं.’ दिले पाच.

आठव्या दिवशी आबांनी स्वतःच गाडा ढकलत आमच्या बोळात आणून लावला. बोळात गिऱ्हाईक कुठलं?... आणि त्याच संध्याकाळी फोन वाजला. ‘आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. आपल्याला एक थंड पेय मोफत!’

मला रडू आलं. आणि आबा? आबा हरखले! ‘बघ, मालकानं निरोप धाडला. कोन का असंना, वाचलं त्यानं. चल, बलावल्यावर न्हाई म्हनू नये.’

गेलो. आई आलीच नाही. एक पेला, दोन नळ्या. आबा काचेजवळच्या खुर्चीवर अंग चोरून बसले. बाहेर सगळा रस्ता लख्ख दिसत होता, फाटकापासून पार कोपऱ्यापर्यंत. गाडा होता त्या जागेकडं बघत आबा, आपलीच चूक सापडल्यासारखं हळूच म्हणाले,

‘आडवंच येत हुतो की गं आपन.’