हिंगणीचं बकऱ्यांचं शेड

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या सरपंच शकुंतलाबाई, मंचावरचे प्रमुख पाहुणे, कंपनीचे योगेंद्रसाहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते गुरांच्या दवाखान्याचे रूपरावजी, आणि समोर बसलेल्या माझ्या बकरीवाल्या बायांनो! मी आनंदाबाई, शेळीपालन गटाची अध्यक्ष, सर्वांना नमस्कार करते.

रूपरावजींबद्दल काय बोलू? अकरा वर्षं त्यांनी आमच्या बकऱ्यांना सुया टोचल्या, पण त्यांचं मोठं काम वेगळंच. पूर्वी व्यापारी यायचा, बकरा दोन हातांनी उचलायचा आणि म्हणायचा, "बारा किलो." आम्ही माना डोलवायचो. रूपरावजी चिडले. "बाई, त्याचा हात म्हणजे काटा आहे काय?" त्यांनीच शेडमध्ये वजनकाटा टांगला. पहिलाच बकरा अठरा किलो भरला! व्यापाऱ्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. टाळ्या नंतर वाजवा, जेवण थंड होईल.

जेवण योगेंद्रसाहेबांच्या कंपनीकडून आहे. जाम गावाच्या रस्त्यावरचा त्यांचा कारखाना सोयाबीनचं मटण करतो. मी खाल्लं आहे. खोटं काऊन बोलू? चव बरी होती. ज्याला आवडतं त्याने खुशाल खावं, आमचं भांडण कोणाच्या ताटाशी नाही.

पण साहेब वर्षभर घरोघर सांगत फिरले, "पाच वर्षांत बकऱ्याला कोणी विचारणार नाही. विका, आणि सोयाबीन पेरा." नऊ घरांनी बकऱ्या विकल्या. मंदाबाईने तर एकही ठेवली नाही. तेव्हा व्यापारी तिला काय म्हणाला? "आता लोक डब्यातलं सोयाबीनच खाऊन राह्यले, भाव कुठून देऊ?" आणि रविवारी त्याच्याच मटणाच्या दुकानासमोर ही रांग!

मागच्या हंगामात सोयाबीन पिवळं पडलं. दाणा बारीक म्हणून कारखान्याने मंदाबाईची पोती परत पाठवली. पीक माझंही गेलं, पण मळणीनंतर उरलेलं कुटार माझ्या बकऱ्यांनी चार महिने खाल्लं, आणि त्यांच्याच भरवशावर माझी लेक आचल नर्सिंगला गेली. मंदाबाईकडे कुटार होतं, खाणारं कोणी नव्हतं. ती माझ्या दारात येऊन बसली. म्हणाली, "आनंदा, मले एक बकरी दे वं." दिली मी. पण तिचा तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

आता आजची पत्रिका पाहा. सत्कारानंतर मी शेडची किल्ली साहेबांना द्यायची आणि तिथे कंपनीचं गोदाम व्हायचं, असं छापलं आहे. मला कोणी विचारलं? शेड गेलं की काटा गेला, काटा गेला की पुन्हा व्यापाऱ्याचा हात आला. मग रूपरावजींना ही शाल कशासाठी पांघरायची?

शेड गटाचं आहे. आम्ही देणार नाही. किल्ली मी आणलेलीच नाही. काल रूपरावजींना विचारलं, तुमच्या समारंभात असं बोललं तर चालेल का? म्हणाले, "बोल बाई. मी उद्या रिटायर होतो, मले कोण काय करते?" माफ करा रूपरावजी, तुमचं गुपित फुटलं.

सरपंचबाईंनी मध्ये थांबवलं नाही आणि योगेंद्रसाहेब उठून गेले नाहीत, दोघांचे मनापासून आभार. गुरुवारी नेहमीप्रमाणे वजन होईल. मला बोलायची सवय नाही; शब्द कमी-जास्त झाला असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, तर पदरात घ्या. शेडबद्दल मात्र मी माफी मागत नाही.