शेजारच्या पोराची पुस्तकं

ग्यानोबा : न्हाई मालक, कोरी पुस्तकं नगं. वापरलेली दावा.

किशनराव : मामा, नव्यात चुका दुरुस्त केलेल्या असतात. एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा म्हणजे पोरखेळ नाही. पोराचा विषय कोणता?

ग्यानोबा : पोरगी हाय. बी.एस्सी. झाली. रसायन म्हनत होती. मला वाचता येत न्हाई, बैलातलं तेवढं कळतंय. निलंग्याकडं कुणाला बैल घ्यायचा असला तर बाजारात मला संगं नेतेत. औंदा समदी बैलं छावणीत, म्हणून मी रिकामा.

किशनराव : मग पुस्तकं कशी निवडणार तुम्ही?

ग्यानोबा : तशीच. कोरं खोंड दिसाया झ्याक असतंय, पर मी खांद्यावरला घट्टा बघतो. घट्टा पडलेल्यानं औत वढलेलं असतंय. ज्या पुस्तकाची पानं लई मळली, त्येच्यात कुनीतरी जीव घातला असंल. ते वरच्या फळीवरलं काढा बरं, सुतळीनं बांधलेलं.

किशनराव : ते मी बाजूला ठेवलंय.

ग्यानोबा : का? इकायचं न्हाई?

किशनराव : विकायचंय, पण मन होत नाही. सोमवारी एक मुलगी देऊन गेली. चार पुस्तकं, ओळीओळीला पेन्सिलीच्या खुणा. मी म्हणालो, बाई, एवढी मेहनत केलीस आणि आता विकतेस? तर म्हणाली, माझी नाहीत, शेजारच्या पोराची आहेत.

(ग्यानोबा गठ्ठा हातात घेऊन खाली बसतो.)

ग्यानोबा : मालक, आत नाव हाय का?

किशनराव : आहे ना. म्हणून तर मला पटलं नाही. सिंधु ग्यानोबा बिराजदार.

ग्यानोबा : मीच त्यो ग्यानोबा.

किशनराव : पाणी घ्या, मामा. अर्धाच तांब्या आहे, टँकर आला नाही आज. घ्या.

ग्यानोबा : आमच्या शेजारी पोरगंच न्हाई वो. कोंडाबाई ऱ्हाती, एकटी. देगलूरचे पाव्हणे पोरीला बघाया आले व्हते. भितीतल्या देवळीत पुस्तकं दिसली त्यांना. इचारलं, पोरगी आजून शिकनार हाय का? मला वाटलं, हाव म्हनलं तर उठून जातेल. दुष्काळात लगीन थोडक्यात उरकतंय, गावजेवण न्हाई घातलं तरी कुनी नावं ठेवत न्हाई. मी म्हनून गेलो, छ्या, ती शेजारच्या पोराची हायत. सिंधु दाराआडच व्हती.

किशनराव : काही बोलली का ती?

ग्यानोबा : चहा घेऊन आली. तवापसून कामापुरतं बोलती माझ्यासंगं. परवा देवळी रिकामी दिसली. काल उठलो, देगलूर गाठलं, पाव्हण्यांना खरं सांगून टाकलं.

किशनराव : मोडलं मग?

ग्यानोबा : मोडतंय कशाचं! पोराचा बाप म्हनला, आमची कवा ना व्हती? शिकू द्या की. तुमीच म्हनलात पुस्तकं शेजारची हायत. माझी मलाच लाज वाटली, मालक. म्हणून आज तिला न सांगता इकडं आलो. पुस्तकं तिच्या हातात द्यायची आन् म्हनायचं, बस परीक्षेला, मी हाय.

किशनराव : मामा, जरा ऐका...

ग्यानोबा : हीच बांधा. तिची तिला. परीक्षा कवा हाय तेवढं सांगा. नसंल झाला आभ्यास तर रातंदिस बसंल ती, मला ठावं हाय.

किशनराव : पुस्तकात तिचं हॉलतिकीट राहिलं होतं, मी जपून ठेवलंय. आधी ह्या परीक्षेला औरंगाबादला जावं लागायचं. लातूर जिल्हा झाला, म्हणून यंदा केंद्र इथंच मिळालं. परीक्षा झाली, मामा. गेल्या रविवारी.

ग्यानोबा : ऐतवारी?

किशनराव : हो, सकाळी दहाला. पुढल्या वर्षी परत असते. लग्नानंतरही बसता येतं.

ग्यानोबा : ऐतवारी आमच्या दारात सुपारी फुटली.

किशनराव : मग तिनं काहीच सांगितलं नाही तुम्हाला?

ग्यानोबा : सकाळीच आली व्हती माझ्यापाशी, अंघोळ करून, वेणी घालून. म्हनली, आप्पा, लातूरला जाऊन येऊ का? पाव्हणे यायच्या आत माघारी येते. मी म्हनलं, लातूर कुठं पळून चाललंय? उद्या जा.