काकूंचे डिंकाचे लाडू

हसा खुशाल, पण मला आता पलंगावर झोपच येत नाय. कन्नड गावाजवळच्या डोंगरात ट्रेकला गेलो, तिथं दोन झाडांना हॅमॉक, म्हणजे झोपायची कापडी झोळी, बांधलं आणि त्यात जरा तिरकं निजलो. पाठ अशी सपाट पडली, की सकाळी बाकीचे अंगाखालच्या दगडांना शिव्या घालत होते आणि मला हलवून उठवावं लागलं.

घरी आल्यावर तेच गॅलरीत बांधलं. रोज दुपारी जेवलो की आत शिरायचं आणि कापड तोंडावर ओढून घ्यायचं. कपडे वाळत घालता घालता बायको एखादा झोका देई.

समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंना कठड्यावरून फक्त हलणारी झोळी दिसायची. आठवडाभर त्यांनी बघितलं आणि मग डिंकाचे लाडू अन् टोपरं घेऊन दारात हजर. आमच्या लेकीचं लग्न होऊन वर्ष झालेलं.

"लेक बाळंतपणाला आली अन् शेजाऱ्याला सांगायचं नाय व्हय गं?"

बायको म्हणाली, "या की, बघा तरी."

काकूंनी हलक्या हातानं कापड बाजूला केलं. आत मी, मिशीसकट.

"या काकू, बसा," मी म्हणालो.

काकूंनी कापड परत माझ्या तोंडावर टाकलं. टोपरं पिशवीत घातलं आणि लाडवांचा डबा बायकोच्या हातात दिला.

"आता लाडू कशाला, काकू?" मी आतूनच विचारलं.

"तुला नायत, हिला हायत. एवढं मोठं लेकरू सांभाळायचं म्हंजे अंगात ताकद नको का?"