आरूचे नमस्कार

मंडळी, आधी एक तक्रार. सुमनअक्कांच्या फोटोला घातलेला हार इतका जाड आहे, की त्यांचे फक्त डोळे दिसताहेत. हार आणणाऱ्यांचा मी जाहीर निषेध करतो. ज्या बाईची नजर मी सहा वर्षं चुकवत आलो, तिची तेवढी नजरच तुम्ही मोकळी ठेवलीत! तुम्ही बठ्ठे, अगदी सगळे, कामं टाकून आलात. अशा वेळी बोलणं जड जातं. मला आज जरा जास्तच.

अक्का इथल्या अंगणवाडीच्या सेविका. मी दोंडाईच्याचा वार्ताहर, संस्कृत शिकलेला म्हणून सगळ्यांचा पंडितभाऊ. आमची गाठ पडली आरूच्या घरी. आरू तेव्हा सहा महिन्यांची. झोपेतून उठली, की मान खाली, हात पुढे, कमरेतून वाकायची. मग सरळ. मग पुन्हा. दहा वेळा, वीस वेळा. घरचे म्हणाले, पोर नमस्कार करते. गाव म्हणालं, देवी आली.

आठवतं ना? त्या दुपारी आपण सगळे तिला जाग येण्याची वाट बघत बसलो होतो. जाग आली. ती वाकली. आपण वाकलो. ती पुन्हा वाकली. आपण पुन्हा वाकलो. आवाज नाही, काही नाही. आणि तिच्यासमोर कोण होतं? नुसती भिंत.

एक बाई वाकली नाही. दाराशी उभी होती.

"पंडितभाऊ, पोर कोनाकडेच देखत नही. मांगला महिनामा हासे, आते हासत भी नही."

मी म्हटलं, "अक्का, देवीनं तुमच्याकडे बघून हसायचं का?"

"तुमनं संस्कृत राहू द्या. घड्याळ द्या."

दिलं. त्यांनी मोजलं. दर सात-आठ सेकंदांनी एक. कमी नाही, जास्त नाही. माणूस असे नमस्कार करतो का हो?

"हाई आकडी शे," अक्का म्हणाल्या.

"फेस कुठंय? हातपाय कुठं आपटतेय?"

"येवढ्याशा पोरनी आकडी येगळी ऱ्हास."

मी हसलो. बातमी दिली. तीत 'पूर्वजन्मीचे संस्कार' असा शब्दप्रयोग केला. संस्कृत शिकल्याचा तेवढाच उपयोग. गर्दी वाढली. देवीला कुणी दवाखान्यात नेतं का, असं घरचे विचारू लागले. अक्का रोज जायच्या. रोज परत यायच्या. शेवटी त्यांनी मोबाइलवर ते वाकणं टिपलं, धुळ्याला डॉक्टरांना दाखवलं आणि परत येऊन आरूच्या आईला एवढंच म्हणाल्या, "ऊठ, चाल."

डोक्याला तारा लावून तपासणी झाली. आकडीच होती. औषध सुरू झालं, वाकणं थांबलं. तुमची गर्दीही थांबली. पण तोवर तीन आठवडे गेले होते.

आरू आज इथे आहे. तिसऱ्या रांगेत, आईजवळ. चालते. हसतेसुद्धा. बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, मूळ दुखणंच तसं असेल; उशिरामुळे किती बिघडलं, ते सांगता येत नाही. अक्कांना हेच मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "चहा ल्या, पंडितभाऊ."

आता आपण उभे राहू आणि दोन मिनिटं गप्प राहू. त्याआधी, आरूच्या आई, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. ते तीन आठवडे माझ्या बातमीनं खाल्ले. आरूचं बोलणं त्यातच गेलं असेल का, याची मला फार भीती वाटते.